मदत हवी आहे: पाय पुढून रुंद, टाच बारीक. ऑफिसला आणि एरवीही चालतील असे बूट-कपडे कसे निवडू?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होतो, आज विचारतोच. जरा लांबलचक होणार आहे, कारण नुसतं "चांगले बूट सुचवा" म्हटलं की लोक कंपन्यांची नावं सांगतात आणि माझा प्रश्न कंपनीचा नाहीये, मापाचा आहे.

झालं असं की चारपाच वर्षं मी घरूनच काम केलं, टीशर्ट आणि ट्रॅक पॅन्टवर सगळं भागत होतं. आता नवीन नोकरीत रोज ऑफिस आहे आणि आठवड्यातून एकदोनदा क्लायंटसमोर बसावं लागतं. पहिल्या दिवशी जुने काळे फॉर्मल बूट काढले, खोक्यात कागद घालून नीट ठेवलेले, पॉलिश मारल्यावर तर अगदी नवे दिसायला लागले. ऑफिसात चालताना सहज मागे पाहिलं तर फरशीवर काळे काळे तुकडे पडलेले, एक उचलून बोटांत दाबला तर त्याचा चिकट भुगा झाला. दुपारी डाव्या बुटाची टाचच निखळली. दिवसभर जागेवरून उठलो नाही, फार वाईट वाटलं.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल हवेतली ओल शोषत जातो, त्याने आतलं मटेरियल हळूहळू तुटत जातं, आणि बूट वापरात नसला तरी हे थांबत नाही. म्हणजे "जपून ठेवले" याला काही अर्थच नाही. रबराच्या सोलचा असा भुगा होत नाही, फार तर तो कडक होतो. तुमच्याकडे कोणाचे असे वर्षानुवर्षं ठेवलेले बूट असतील तर घालून बाहेर पडायच्या आधी सोल हाताने वाकवून, अंगठ्याने दाबून बघा, एवढं मात्र मनापासून सांगतो.

आता खरा प्रश्न. घाईघाईत नवीन जोड घेतला, आठ नंबर. चवड्यावर चावतो, तिसऱ्या दिवशी करंगळीच्या बाजूला फोड आला. बदलून नऊ घेतला तर पुढे मोकळं वाटतं पण दर पावलाला टाच वर येते, आणि बुटाला जिथे वाकायला पाहिजे तिथे तो वाकतच नाही, घडी बोटांवर पडते. मग बसून हिशोब केला. ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच वाढते, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, आणि रुंदी त्या मानाने अगदी थोडी. म्हणजे मला पाहिजे रुंदी आणि मी विकत घेतोय लांबी! संध्याकाळी कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय आखले, डावा २६.१ सेंमी, उजवा २६.४, चवड्याची रुंदी १०.८. हे रुंदच म्हणायचं ना?

कपड्यांचंही थोडंफार तेच. सायकल चालवतो त्यामुळे मांड्या भरलेल्या आहेत, मांडीत बसणारी पॅन्ट कंबरेत दोन बोटं सैल होते, कंबरेची घेतली तर बसताना शिवण ताणते. शर्टाचे खांदे नीट बसले तर पोट सैल, फुग्यासारखं दिसतं. आणि मला कपाट भरायचं नाहीये, दोन बूट, तीनेक पॅन्ट, पाचसहा शर्ट यात ऑफिस आणि सुट्टीचा दिवस दोन्ही निभावलं पाहिजे.

तर रुंद पायाला ऑफिसचा कोणता प्रकार घ्यावा, ऑक्सफर्ड, डर्बी की लोफर? "वापरून सैल होईल" असं सगळे विक्रेते सांगतात ते कितपत खरं? आणि पॅन्ट कोणत्या मापाने घेऊ, मांडीच्या की कंबरेच्या? ज्यांचे पाय असेच आहेत त्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद

माझेही पाय असेच आहेत आणि वीस वर्षं मी चुकीचे बूट घालून करंगळीवर कुरूप करून घेतलं, म्हणून तपशिलात लिहितो.

तुम्ही डर्बी घ्या. ऑक्सफर्डमध्ये लेसच्या भोकांच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याच्या खाली शिवलेल्या असतात त्यामुळे त्या एका हद्दीपलीकडे उघडतच नाहीत, डर्बीत त्या वरून शिवलेल्या असतात, पुस्तकासारख्या दोन्हीकडे उघडतात, पायाच्या वरच्या उंचवट्याला जागा मिळते. लोफर तुम्ही सध्या तरी घेऊ नका, लेसच नाही म्हणजे टाच धरून ठेवायला काही नाही, चवड्याच्या मापाने घेतला की टाच निसटणारच.

दुकानात गेलात की बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, निघत असेल तर बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मोजे घालून त्यावर उभे राहा. पूर्ण वजन द्या. करंगळी किंवा चवड्याची बाजू इनसोलच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तिथेच परत ठेवा, बाकी काही बघायची गरजच नाही. पुढे अंगठ्याच्या टोकापासून साधारण सेंटीमीटरभर जागा पाहिजे. आणि लांबी नुसती टोकापर्यंत बघू नका, टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतची बघा, बूट वाकतो ती जागा आणि तुमचा पाय वाकतो ती जागा एकच आली पाहिजे. तुमच्या नऊ नंबरची घडी बोटांवर पडत होती ती त्यामुळेच. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि माप मोठ्या पायाचं धरा.

सैल होण्याबद्दल, खरं चामडं रुंदीत थोडंसं सैलावतं, लांबीत नाही. सिंथेटिक जवळजवळ नाहीच. त्यामुळे दुकानात घट्ट वाटलं तर एकवेळ घ्या, पण दुखलं तर अजिबात घेऊ नका.

१०.८ नक्कीच रुंद आहे. काही बुटांवर रुंदीचं अक्षर असतं, अमेरिकन पद्धतीत पुरुषांसाठी डी म्हणजे नेहमीची रुंदी, टू-ई रुंद आणि फोर-ई त्याहून रुंद. ते मिळालं तर आठ नंबर तसाच ठेवून रुंदी वाढवा. फक्त अमेरिकन नंबर ब्रिटिशपेक्षा साधारण एकाने जास्त असतो, तिथे घोळ करू नका.

रंग म्हणाल तर काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्या, नेव्ही, करडा, खाकी आणि जीन्स सगळ्यावर जातो. दुसरा जोड साधा, बिननक्षीचा पांढरा लेदर स्नीकर. आणि एकच जोड रोज घालू नका, घाम वाळायला चामड्याला मधे एक दिवस लागतो. भिजले तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, हीटरसमोर ठेवले की चामडं तडकतं.

प्रतिसाद

बुटांचं वर आलंय, मी कपड्यांचं सांगते, घरात शिवणकाम बघतच मोठी झाले.

पॅन्ट नेहमी मांडी आणि बसण्याच्या जागेच्या मापाने घ्यायची. कंबर टेलर अर्ध्या तासात मागच्या शिवणीतून आत घेऊन देतो, मांडी वाढवायला मात्र आत कापडच नसतं. घेण्याआधी पॅन्ट उलटी करून शिवणीत किती कापड सोडलंय ते बघा. आणि ट्रायल रूममध्ये नुसतं उभं राहून आरशात बघू नका, खाली बसा, उकिडवे बसा. सुतीत दोनेक टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असेल तर सायकलवाल्या मांड्यांना बरं पडतं.

शर्टात खांदा हाच राजा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर आली पाहिजे, कारण ती नंतर दुरुस्त करणं म्हणजे अख्खी बाही उसवणं. पोटाचा घेर बाजूच्या शिवणीतून किंवा पाठीला दोन डार्ट (आत दुमडून शिवलेल्या चुण्या) मारून सहज कमी होतो. कॉलरचं बटण लावून दोन बोटं आत गेली की पुरे.

अजून एक, तुम्हाला एकच शर्ट दोन्हीकडे वापरायचाय तर खालचा घेर बघून घ्या. गोलाई असलेला, पुढेमागे लांब शर्ट खोचण्यासाठी कापलेला असतो, बाहेर सोडला की वाईट दिसतो. सरळ घेराचा आखूड शर्ट बाहेर छान दिसतो पण हात वर केला की खोचलेला सुटतो. मधल्या लांबीचा, हलक्या गोलाईचा घ्या, ऑक्सफर्ड कापडात बघा (वरच्या बुटाशी फक्त नावसारखेपणा), जरा जाडसर विणीचं असतं, इस्त्री थोडी मोडली तरी चालून जातं.

धागाकर्ता

दादा, ताई, दोघांचेही खूप आभार, एवढं नीट आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आत्ताच घरातल्या आठ नंबरचा इनसोल काढून त्यावर उभा राहिलो. उजवी करंगळी जवळजवळ अर्धी बाहेर आहे आणि फोड आला होता तो बरोबर त्याच रेषेवर. ट्रेकिंगच्या जुन्या बुटाचा इनसोल काढून बघितला तर त्यात अख्खा पाय मावतो, तो बूट मला कधी चावलाच नव्हता, आज कळलं का ते. आता तोच इनसोल पिशवीत घालून दुकानात नेणार आहे. डर्बी, तपकिरी, रबरी सोल. शनिवारी संध्याकाळी जातो आणि काय मिळालं ते इथेच लिहितो.