आय क्रीमच्या यादीत पेप्टाइड खाली असलं तरी चालतं, 'रेटिन' आहे का ते बघा

आय क्रीमच्या खोक्यावरच्या घटकांच्या यादीत पेप्टाइड (त्वचेसाठी घालतात ते प्रथिनांचे छोटे तुकडे) शेवटी आलं म्हणजे क्रीम फसवी असं एका ताईंनी लिहिलंय, ते काही पटलं नाही. घटकांचा उतरता क्रम १ टक्क्यापर्यंतच पाळावा लागतो, त्याखालचे कसेही छापता येतात, आणि पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइड-४ सारखं पेप्टाइड मुळातच अगदी किंचित घालतात, मग ते खालीच दिसणार ना.

मला जास्त काळजी वाटते ती 'रेटिनॉल-फ्री', म्हणजे रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते व्हिटॅमिन ए चं रूप) नाही, या शिक्क्याची. माझ्या जावेला दिवस गेलेत, डॉक्टरांनी रेटिनॉल बंद सांगितलंय, म्हणून तिनं परभणीत बघून-बघून आय क्रीम आणली, खोक्यावर पुढं मोठ्ठ्या अक्षरात 'रेटिनॉल-फ्री' अन् मागं इतकं बारीक की मोबाइलवर फोटो काढून मोठा करावा लागला, तर आत रेटिनिल पाल्मिटेट! तेही व्हिटॅमिन ए चंच रूप, त्याच कुळातलं, गरोदरपणात तेही टाळायलाच सांगतात. त्यामुळं 'रेटिन' पासून सुरू होणारं काहीही दिसलं की खोकं सरळ परत ठेवा, दुकानदार काहीही म्हणो. रेटिनॉलऐवजी घालतात ते बाकुचिओल मात्र त्यातलं नाही, ते आपल्या बावचीच्या बियांतून काढतात. आणि डोळ्यांभोवतीची त्वचा जपायची तर मे महिन्यात ४३-४४ अंशांच्या उन्हात गाडीवर फिरणाऱ्यांनी आधी चांगला गॉगल घ्या, क्रीम नंतर.