मदत हवी आहे : बायको घरात असताना कॅमेऱ्याचा अलार्म वाजतो

घरात दोन वायफाय कॅमेरे आहेत, एक हॉलमध्ये, एक मागच्या बाल्कनीत. अ‍ॅपमधलं जिओफेन्सिंग (फोनच्या लोकेशनवरून कोण घरात, कोण बाहेर ते ठरवणं) लावलंय : माझा आणि बायकोचा, दोन्ही फोन बाहेर गेले की अलार्म चालू, एक जरी परत आला की बंद. माझा आयफोन नीट चालतो. तिचा अँड्रॉइड १४ मात्र पर्समध्ये पडल्या पडल्या झोपतो, मग ती घरी आल्याचं अ‍ॅपला कळतच नाही. काल ती सोफ्यावर चहा पीत होती आणि मला ऑफिसात 'हॉलमध्ये हालचाल' असा मेसेज आला, सोबत कपासकट तिचाच फोटो.

करून झालंय ते : लोकेशनला 'नेहमी' परवानगी, अचूक लोकेशन चालू, त्या अ‍ॅपपुरती बॅटरी बचत बंद, घराभोवतीचा रेडियस १०० वरून २०० मीटर. फरक पडला, पण आठवड्यातून दोनदा घोळ होतोच. रेडियस आणखी वाढवला तर कोपऱ्यावरचं दुकानही 'घरात' येईल.

फोन घरच्या वायफायला जोडलाय का, फक्त यावर विसंबायचं नाही, कारण आमच्याकडे लाइट गेली की राउटर बंद, म्हणजे सगळेच 'बाहेर'. शिवाय अधूनमधून आई राहायला येते, तिच्याकडे साधा बटणांचा फोन. महिन्याचं सबस्क्रिप्शन नको.

कॅमेरे ऑनव्हिफवाले (म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही जोडता येणारे) आहेत आणि जुना रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर पडून आहे. त्यावर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं चालवणारं फुकट सॉफ्टवेअर) टाकून 'लोकेशन बाहेर आणि वायफायवरही नाही' असं दोन्ही जुळल्यावरच अलार्म लावणारं कुणी चालवतंय का? अलार्म लावण्याआधी किती मिनिटं थांबायला सांगितलंय? आणि आईसाठी काय करता?