शेजाऱ्याला वीज विकायची म्हणून मीटरची वही चावडीवर टांगायची का?

मांजरापट्टा (धागाकर्ता):
छतावरची सौर वीज शेजाऱ्याला विकायची आणि हिशेब ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांवरची सामायिक वही, लिहिलेलं पुसता न येणारी; पुढे नुसती 'साखळी') ठेवायचा, असा प्रयोग लखनौमध्ये २०२० च्या अखेरीस सुरू झाला. आपल्याकडे स्मार्ट मीटरही बसताहेत आणि छतांवर पॅनेलही चढताहेत, तेव्हा हे लोण लातूर-बीडला कधीतरी येणारच. त्याआधी एक अट पक्की व्हावी: घराचं पंधरा मिनिटांचं रीडिंग साखळीवर जाऊ नये. आकडा नको आणि त्याचा साधा हॅशही (आकड्यापासून सूत्राने काढलेला ठसा, ज्यावरून आकडा थेट वाचता येत नाही) नको.

दिवसाला ९६ आकडे होतात. एक एचपीची मोटार पंधरा मिनिटं चालली की साधारण ०.२ युनिट, दोन किलोवॅटचा गीझर ०.५, कूलर ०.०५ च्या आसपास. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत पाण्याच्या दिवशी सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात. त्या तासात ज्या मीटरवर उंचवटा नाही, ते घर बंद. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मीटर गुढीपाडव्यापर्यंत शून्याला टेकलेलं दिसणार. चोराला पाळत ठेवायची गरजच उरत नाही.

डीपीखालचा:
अहो, कुलूप गल्लीला डोळ्यांनी दिसतं, त्याला मीटर कशाला लागतं? खरा प्रश्न गळतीचा आहे. डीपीवरच्या (गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) मीटरमधून १०० युनिट गेली आणि घरांची बेरीज ७८ आली, तर तारेतली घट सोडून बाकीची कुठं गेली? तारेवर आकडे टाकून वीज चोरणारे मोकळे आणि बिल भरणारे भरडले जातात. वही उघडी असली की गल्लीच जाब विचारेल. शिवाय साखळीवर कुणाचं नाव नसतं, नुसता लांबलचक क्रमांक असतो.

मांजरापट्टा:
कुलूप गल्लीला दिसतं. साखळीवरचं रीडिंग जगाला दिसतं, तेही कायमचं. आणि क्रमांकामागे लपणं चाळीस घरांच्या डीपीवर जमत नाही. ज्या घरात पिठाची गिरणी आहे त्याचा क्रमांक कुणालाही आठवड्यात कळेल. एकदा कळला की त्या क्रमांकाचा मागचा-पुढचा सगळा इतिहास त्या घराच्या नावावर चढला.

विक्रेत्याची गत तर आणखी वाईट आहे. निरभ्र दुपारी ३ किलोवॅटचं पॅनेल समजा २.२ किलोवॅट देतंय, म्हणजे पंधरा मिनिटांत ०.५५ युनिट. ऊन सगळ्या छतांवर सारखंच पडतं. शेजारच्या तशाच छतावरून ०.५५ बाहेर गेली आणि तुमच्याकडून ०.३५, तर तुमच्या घरात मोटार चालू आहे. तुम्ही फक्त विक्री जाहीर केली होती, वापर नव्हे. तरी वापर उघडा पडला. वर्षानुवर्षं सौरवाले मंडळी 'मी फक्त एक्स्पोर्ट दाखवतो' म्हणत निश्चिंत असतात, त्यांनी हे गणित एकदा मांडून बघावं.

कोराकागद:
हॅशबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'आम्ही हॅश करून टाकतो, काळजी नको' हे वाक्य फार ऐकू येतं. ५ किलोवॅट मंजूर भाराच्या घरात पंधरा मिनिटांत जास्तीत जास्त १.२५ युनिट जाऊ शकते. वॅट-तासात मोजलं तर ० ते १२५०, एवढेच पर्याय. मीटर क्रमांक आणि वेळ माहीत असेल तर साधा लॅपटॉप हे सगळे हॅश काढून डोळ्याचं पातं लवायच्या आत जुळवून दाखवतो. प्रत्येक रीडिंगला वेगळी, गुप्त, यादृच्छिक भर घातली तरच तो हॅश टिकतो.

त्यापेक्षा पेडरसन कमिटमेंट बरी. तिला बंद लखोटा समजा. मीटर रीडिंग आणि एक गुप्त संख्या मिळून लखोटा बनवतं आणि फक्त तो साखळीवर जातो. गंमत अशी की लखोट्यांचा गुणाकार केला की बेरजेचा लखोटा मिळतो. म्हणजे महिन्याची बेरीज उघडता येते आणि एकेक चिठ्ठी बंदच राहते. डीपीखालचा यांची शंभर वजा अठ्ठ्याहत्तरची वजाबाकीही चाळीस घरांची बेरीज उघडून होते, एकाही घराचा आकडा न दाखवता. एका लखोट्याला ३३ बाइट, ९६ चे दिवसाला तीन किलोबाइट. मीटरच्या मोडेमला हे जड नाही. ऋण आकडा घुसवला नाही याचा पुरावा प्रत्येक लखोट्यासोबत जोडायचा म्हटलं तर 'बुलेटप्रूफ' नावाचा गणिती पुरावा सहाशे-सातशे बाइट खातो आणि दिवसाचा भार पन्नास-साठ किलोबाइटच्या वर जातो. मीटरची स्वतःची सही असेल तर तो पुरावा दिवसातून एकदाच दिला तरी चालावा.

बिघडतं ते गुप्त संख्येपाशी. स्वस्त मीटरने तीच संख्या दोनदा वापरली की दोन लखोट्यांच्या भागाकारातून दोन रीडिंगमधला फरक बाहेर पडतो. मीटर जळून बदललं आणि जुन्या गुप्त संख्या त्याच्याबरोबर गेल्या, तर बिलाच्या वादात लखोटा उघडणार कशाने? ग्राहकाच्या मोबाइलमध्ये वेगळी प्रत हवीच.

तिसराफेज:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा ब्लॉकचेनच नको. वितरण कंपनीचा सर्व्हर, वर नियामक आयोग, एवढ्यात भागतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. साखळीवरचं काय पुसणार, कप्पाळ?

मांजरापट्टा:
म्हणून तर रीडिंग साखळीबाहेर ठेवायचं आणि साखळीवर फक्त लखोटा. रीडिंग आणि गुप्त संख्या पुसली की लखोटा कोरा कागद होतो (कोराकागद, हे तुम्हाला उद्देशून नव्हे). सर्व्हरवर भागेल हे खरं, पण विकणारा, घेणारा आणि कंपनी असे तीन पक्ष असताना वही एकट्या कंपनीच्या हातात का? बिलाच्या भांडणात तीच वादी, तीच पंच. नेदरलँड्समध्ये २००९ साली सक्तीच्या स्मार्ट मीटरचं विधेयक वरिष्ठ सभागृहाने अडवलं, ते खासगीपणाच्याच आक्षेपांवर. तिथे तर साखळीचा संबंधही नव्हता.

डीपीखालचा:
लखोट्याचं मान्य. पण बेरीज उघडायला चाळीसही मीटरच्या गुप्त संख्यांची बेरीज लागणार ना? आपल्याकडे पाऊस आला की रेंज गेली, रेंज गेली की मीटर गप्प. एक मीटर बोललं नाही तर त्या वेळेचा अख्ख्या डीपीचा हिशेब अडला. चोर तारेवर आकडा कशाला टाकेल, तो मीटरच्या अँटेनाला पत्रा गुंडाळेल.

कोराकागद:
नेमकं दुखणं. दहा-दहा घरांचे गट केले तर एक गप्प बसल्याने तीस घरं अडत नाहीत. पण गट लहान केला की आडोसाही लहान होतो: तीन घरांच्या गटात दोघांनी आपापले आकडे वजा केले की तिसरा उघडा. दहाच्या खाली जाऊ नये असं माझं मत. आणि मीटर आकडे साठवून ठेवतं, त्यामुळे गळतीचा ताळा पंधरा मिनिटांचा न करता दिवसाचा करायचा आणि उशिरा येणाऱ्याला ४८ तास द्यायचे. त्यानंतरही गप्प असेल तर लाईनमन खांबाजवळ जाऊन रीडिंग घेईल.

डीपीखालचा:
आणि लाईनमनच त्याचा साडू असला तर?