मदत हवी आहे: वेबफ्लोवरील साड्यांच्या यादीला अल्पाइन जेएस जोडले, पण मराठी शोध आणि किमतीचा फिल्टर चालत नाही

नमस्कार मंडळी,

बेळगावात वडगावला आमचे साड्यांचे दुकान आहे आणि त्याचे संकेतस्थळ मी वेबफ्लोवर (कोड न लिहिता संकेतस्थळ बांधण्याचे साधन) बांधले आहे. साड्यांची नावे, काठाचे रंग, किमती आणि छायाचित्रे सीएमएसच्या (वेबफ्लोतला माहितीचा साठा) कलेक्शनमध्ये, म्हणजे तक्त्यात, भरलेली आहेत. निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे गिऱ्हाईक आता दुकानात येण्याआधी मोबाइलवर यादी पाहते, आणि त्याची अपेक्षा एवढीच असते की रंग निवडावा, किंमत ठरवावी आणि तेवढ्याच साड्या समोर याव्यात.

यासाठी जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररीही चालली असती, पण जेक्वेरीचा कोड सहसा क्लासच्या (घटकाचे रूप ठरवणाऱ्या खुणेच्या) नावांवर बेतलेला असतो आणि आमच्याकडे पानांची मांडणी धाकटी बहीण पाहते. तिने सणासुदीला रूप पालटताना एखाद्या क्लासचे नाव बदलले की कोड मुकाट्याने बंद पडणार. अल्पाइन या जावास्क्रिप्टच्या छोट्या लायब्ररीत पानावरच्या घटकाने कसे वागायचे ते त्याच घटकाच्या कस्टम अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहिता येते, त्यामुळे ते तिलाही सेटिंग्जच्या पट्टीत दिसते. सध्याची रचना अशी आहे: बाहेरच्या डिव्हला (चौकटीला) एक्स-डेटा (माहिती ठेवणारे), शोधाच्या चौकटीला आणि किमतीच्या स्लायडरला एक्स-मॉडेल (भरलेले मूल्य त्या माहितीला जोडणारे), आणि प्रत्येक साडीच्या कार्डाला एक्स-शो (अट जुळली तरच दाखवणारे). एक्स-फॉर (यादी छापणारे) वापरायचे तर टेम्प्लेट टॅगची भानगड येते, म्हणून यादी वेबफ्लोच्या कलेक्शन लिस्टनेच छापली आहे आणि अल्पाइनकडे फक्त दाखवणे-लपवणे ठेवले आहे.

रंगाची बटणे व्यवस्थित चालतात. अडचणी पुढे आहेत. शोधाच्या चौकटीत मोबाइलवरून ‘पांढऱ्या काठाची’ असे लिहिले तर एकही साडी येत नाही, वास्तविक त्याच नावाच्या साड्या यादीत डोळ्यांसमोर असतात. ‘हिरव्या काठाची’ लिहिले तर मात्र बरोबर येतात. स्लायडर जरासा हलवला की सगळ्याच साड्या नाहीशा होतात. शिवाय फिल्टर फक्त पहिल्या १०० साड्यांनाच लागतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या खिडकीत) लाल अक्षरात काहीही येत नाही, त्यामुळे शोध कुठून सुरू करावा हे समजेनासे झाले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

‘हिरव्या’ सापडते आणि ‘पांढऱ्या’ सापडत नाही, यातच उत्तर आहे असे वाटते. मराठीतला हा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त देतात. काही कळफलक साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचे न दिसणारे चिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण जावास्क्रिप्टच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. अक्षरांची रूपे एकसारखी करणाऱ्या नॉर्मलाइझ या फंक्शनने हा फरक मिटत नाही, कारण युनिकोडच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) नियमांत ही दोन रूपे समान धरलेली नाहीत. दोन्ही ठिकाणचा शब्द कन्सोलमध्ये घेऊन प्रत्येक चिन्हाचा क्रमांक कोडपॉइंटअ‍ॅट वापरून छापून पाहा, म्हणजे खात्री होईल. तसे निघाल्यास तुलना करण्यापूर्वी दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करणारी रिप्लेसची एक ओळ पुरेल. फक्त ती शोधाच्या शब्दाला आणि साडीच्या नावाला, दोन्हींना लावावी.

प्रतिसाद:

किमतीबद्दल विचारतो: कलेक्शनमध्ये किंमत साध्या मजकुराच्या रकान्यात ‘१,२५०’ अशी मराठी अंकांत भरली आहे का? तसे असेल तर नंबर हे फंक्शन तिचे आकड्यात रूपांतर करू शकत नाही. ते एनएएन (‘संख्या नाही’) देते, आणि एनएएनची कोणत्याही संख्येशी लहान-मोठेपणाची तुलना केली तरी उत्तर नेहमी ‘नाही’ असेच येते. तांत्रिकदृष्ट्या ही चूक धरली जात नसल्यामुळे कन्सोल गप्प राहतो. किंमत नंबर प्रकारच्या रकान्यात साध्या इंग्रजी अंकांत ठेवा, तो रकाना कार्डाच्या कस्टम अ‍ॅट्रिब्यूटला जोडा आणि एक्स-शोमधून तेच अ‍ॅट्रिब्यूट वाचा. दाखवताना इंटल नंबरफॉरमॅटला (भाषेनुसार आकडे मांडणारे साधन) मराठी-भारत हा लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिला की देवनागरी अंक स्वल्पविरामासह आपोआप मिळतात. कन्नड लोकेल दिल्यास मात्र तेच फॉरमॅट मुळात इंग्रजी अंक दाखवते, हे ध्यानात असू द्या.

१०० चा आकडा वेबफ्लोच्या कलेक्शन लिस्टची मर्यादा आहे. पुढच्या साड्या पुढच्या पानावर असतात, म्हणजे ब्राउझरमध्ये त्या आलेल्याच नसतात. जे पानात नाही ते अल्पाइन काय लपवणार? फिनस्वीटची अ‍ॅट्रिब्यूट्स ही लायब्ररी मागून उरलेली पाने आणून यादीला जोडते. अल्पाइनची तिसरी आवृत्ती पानात नव्याने आलेल्या घटकांवर लक्ष ठेवून असते, त्यामुळे त्यांच्यावरचे एक्स-शो वेगळे काही न करता लागू होते. कार्डांवर वेबफ्लोची इंटरॅक्शन्स (हालचालींचे परिणाम) असतील तर ती नव्या कार्डांसाठी पुन्हा सुरू करावी लागतील. छायाचित्रांना लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच चित्र उतरवणे) अवश्य ठेवा. गावाकडच्या नेटवर्कवर सगळी चित्रे एकदम उतरवणे परवडत नाही.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. यादीतल्या शब्दात २३५२, २३८१, ८२०५ असे क्रमांक आले आणि मोबाइलवर लिहिलेल्या शब्दात २३५३, २३८१. ८२०५ म्हणजे तेच न दिसणारे चिन्ह. रिप्लेसची ओळ घातल्यावर ‘पांढऱ्या’ आणि ‘कोऱ्या’ दोन्ही सापडू लागले. किमतीचा रकाना बदलून स्लायडरही मार्गी लागला. उरलेली पाने जोडण्याचे काम आता हाती घेतले आहे.

याच ओघात आणखी एक विचारतो. आमचे निम्मे गिऱ्हाईक कन्नड वाचणारे आहे. मराठी-कन्नड असे बटण ठेवून सगळा मजकूर अल्पाइनच्या एक्स-टेक्स्टने बदलावा आणि निवडलेली भाषा पर्सिस्ट प्लगइनने ब्राउझरमध्ये जपून ठेवावी, असा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

प्रतिसाद:

बटणे, फिल्टरची नावे, ‘एकही साडी सापडली नाही’ यांसारख्या छोट्या मजकुरासाठी ते ठीक आहे. साड्यांची नावे आणि वर्णने मात्र तशी बदलू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच पत्त्यावर भाषा बदलली तर शोधयंत्राला कन्नड पानाचा वेगळा पत्ताच मिळत नाही, आणि हुबळी-धारवाडकडून कन्नडमध्ये शोधणाऱ्याला तुमचे दुकान दिसणार नाही. दोन भाषांची स्वतंत्र पाने करा, एचरेफलँगने (पानाची दुसऱ्या भाषेतली आवृत्ती शोधयंत्राला सांगणारी खूण) ती एकमेकांना जोडा आणि बटण म्हणजे निव्वळ दुसऱ्या पानाचा दुवा असू द्या. प्रत्येक पानाच्या एचटीएमएल टॅगवरचे लँग अ‍ॅट्रिब्यूट एमआर (मराठी) किंवा केएन (कन्नड) असे अचूक हवे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी साधने उच्चार त्यावरूनच ठरवतात. फाँट निवडतानाही पाहून घ्या: मुक्ता या फाँटमध्ये कन्नड लिपी नाही, बालू या फाँटच्या कुटुंबात मात्र कन्नडसाठी बालू तम्मा आहे, म्हणजे दोन्ही पानांचे वळण एकाच घरातले दिसेल.