मदत हवी आहे: मुली स्वतःची तिहाई बसवत नाहीत

माझ्या कथकच्या वर्गात ९ ते १२ वर्षांच्या ८ मुली आहेत. तीनतालाचा (१६ मात्रांचा ताल) तत्कार म्हणजे पायांचं काम, आणि त्याची दुगुन (दुप्पट लय) पक्की. स्वतः काही रचावं म्हणून तिहाई दिली: ५ मात्रांचे बोल तीनदा, मध्ये एकेक मात्रेचा दम (थांबा), म्हणजे समेवरून (तालाच्या पहिल्या मात्रेवरून) उचलून पुढच्या समेवर संपते. गणित जमलं, पढंतही (बोल तोंडाने म्हणणं) छान. पण अंग हलवायचं म्हटलं की सगळ्या माझ्याच तोंडाकडे बघतात, नाहीतर शिकवलेल्या तोड्याचेच (नाचाच्या बांधीव तुकड्याचेच) हात लावतात. जोड्या केल्या, तर एकच धीट मुलगी सगळं ठरवते. 'पाऊस' विषय दिला, तर थेट रीलमधल्या स्टेप्स! लेहरा (तालाचं आवर्तन धरून वाजणारी सुरावट) मोबाइलवर आहे, तबलजी नाहीत. परीक्षेचा अभ्यासक्रम सांभाळून यासाठी आठवड्याला दोनदा १५ मिनिटंच मिळतात. एवढ्यात, मी करून न दाखवता, पहिली हालचाल त्यांच्याकडूनच कशी काढून घ्यावी?