'भिंतींवरची चित्रं काढली' म्हणजे नक्की काय केलं?

तळटीप:
दिवाळी अंकासाठी इटलीतल्या बोलोन्याच्या ब्लूवर लेख लिहितेय. टोपणनावाने भिंती रंगवणारा, चेहरा न दाखवणारा चित्रकार. मार्च २०१६ मध्ये बोलोन्यात 'स्ट्रीट आर्ट: बँक्सी अँड को.' हे प्रदर्शन भरलं. त्यासाठी पडक्या इमारतींच्या भिंतींवरून चित्रं सोडवून पालाझ्झो पेपोली या संग्रहालयात आणली होती. त्यांत ब्लूचीही होती, त्याला न विचारता. प्रदर्शन उघडायच्या थोडंच आधी त्याने मित्र जमवले आणि शहरातली आपली चित्रं, वीसेक वर्षांचं काम, करडा रंग फासून संपवली. मी लिहिलं, "ब्लूने भिंतींवरची सगळी चित्रं काढली." मुद्रितशोधकांनी 'ची' उडवला. आता छापून येणार, "भिंतींवर सगळी चित्रं काढली." काय लिहू?

घाटमाथा:
'पुसली' लिहा की. रांगोळी काढतात नि पुसतात, एवढं सोपं आहे.

तळटीप:
पुसली म्हटलं की फडकं आलं. इथे रोलर आणि बादल्या आहेत. चित्र खाली तसंच आहे, वर रंग आहे. आणि खरी अडचण पुढच्या वाक्यात आहे. संग्रहालयवाल्यांनीही चित्रं 'काढली'च, पण अख्खी, सोलून. दोघांना एकच क्रियापद कसं चालेल?

पारावरचा:
काढणे हे प्राकृत 'कड्ढइ'वरून, म्हणजे ओढणे. दूध काढणे, काटा काढणे, कर्ज काढणे, सगळीकडे आतून बाहेर ओढणं आहे. चित्रातही रेघ ओढतोच आपण. गंमत म्हणजे इटालियनमध्येही हाच घोळ आहे. 'रित्रार्रे' म्हणजे मागे ओढून घेणे आणि 'रित्रार्रे' म्हणजेच एखाद्याचं चित्र काढणे. 'रित्रात्तो' म्हणजे व्यक्तिचित्र. तेव्हा मुद्रितशोधकाला दोष देऊ नका, ब्लूच्या मायबोलीतही सुटका नाही.

शुद्धमती:
मूळ प्रश्न बाजूला ठेवून विचारते, लेखात 'स्ट्रीट आर्ट' असंच ठेवणार का? पथनाट्य रुळलं, मग पथकला का नको?

खडूफळा:
पथकला म्हटलं की डांबर, खडी आणि ठेकेदार आठवतो. ससून डॉकला २०१७ मध्ये भिंती रंगवल्या तेव्हा बघायला आलेल्यांपैकी कुणाच्याही तोंडी 'पथकला' ऐकला नाही. 'स्ट्रीट आर्ट' नाहीतर सरळ 'भिंती रंगवल्यात'. लोकांनी शब्द करून टाकलाय, आपण कोण?

शुद्धमती:
लोक 'मिसयूज' पण म्हणतात, म्हणून काय तो मराठी झाला? भित्तिचित्र हा धडधाकट शब्द पडून आहे.

पारावरचा:
भित्तिचित्र म्हटलं की अजिंठा. आणि भित्ती मुळात 'भिद्'वरून, फोडणे, चिरणे. म्हणजे भिंत हीच मुळात फूट आहे. ब्लूला आवडलं असतं.

खडूफळा:
प्रत्येक धाग्यात एक धातू सापडतोच तुम्हाला.

माडाबनातली:
सोलण्याबद्दल. भित्तिचित्रं सोडवायच्या इटलीत जुन्या रीती आहेत. 'स्त्राप्पो'मध्ये चित्राच्या तोंडावर सरसाने कापड चिकटवतात. सरस वाळताना आवळतो आणि ओढलं की रंगाचा नुसता पापुद्रा कापडाबरोबर सुटून येतो. मागून नवं कापड लावायचं, मग पुढचा सरस गरम पाण्याने सोडवायचा. 'स्ताक्को'मध्ये थोडा गिलावाही बरोबर येतो, आणि 'मास्सेल्लो' म्हणजे भिंतीच्या तुकड्यासकट. म्हणून स्त्राप्पोला 'सोलणे' बरोबर, स्ताक्कोला 'उतरवणे'. पिसाच्या काम्पोसान्तोला १९४४ मध्ये आग लागली, त्यानंतर तिथली चित्रं अशी उतरवली तर खाली लाल मातीचे कच्चे आराखडे निघाले. त्यांना 'सिनोपिए' म्हणतात, त्यांचं वेगळं संग्रहालय आहे पिसात.

तळटीप:
सोललेली आणि गाडलेली. हे चालेल.

घाटमाथा:
'गाडलेली' नको हो, फार नाटकी. 'रंग फासला' म्हणा.

कागदपत्र:
कायद्याचा शब्द कुणी घेतला नाही अजून. इटलीच्या दंडसंहितेत कलम ६३९ हे दुसऱ्याची वस्तू विद्रूप करणे, घाण करणे याबद्दल आहे. आपल्याकडे मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा. म्हणजे रात्री ते विद्रूपण, सकाळी संग्रहालयात गेलं की वारसा. 'विद्रूपण' असा शब्द कायद्याबाहेर कुणी वापरतं का?

खडूफळा:
सासूबाई, माझ्या केसांच्या रंगाबद्दल.

पारावरचा:
रोममध्ये व्हिला फार्नेसिना आहे. राफाएलचं 'गालातेआ' हे चित्र तिथेच. त्याच वाड्यात वरच्या दालनात पेरुत्सी या चित्रकाराने भिंतीवर खोटे खांब आणि देखावे रंगवलेत. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं, त्यानंतर जर्मन भाडोत्री शिपायांनी त्या चित्रातच १५२८ साल घालून ओळी कोरल्या, पोपला पळवून लावल्याची फुशारकी. ते ओरखडे आज जपून ठेवलेत. 'ग्राफितो' म्हणजे ओरखडाच. तेव्हा फवाऱ्याच्या रंगाला ग्राफिटी म्हणणं हेच मुळात चूक.

कागदपत्र:
यावरून आठवलं, इटलीच्या परराष्ट्र खात्याची फार्नेसिना ती वेगळी. मुसोलिनीच्या काळात फॅसिस्ट पक्षाच्या मुख्यालयासाठी बांधायला घेतलेली इमारत. तिथे २००० पासून समकालीन इटालियन कलेचा संग्रह आहे, बरीचशी कामं कलावंतांकडून आणि गॅलऱ्यांकडून ठेवायला घेतलेली. उसन्या वस्तूंना 'संग्रह' म्हणायचं का, हा माझा स्वतंत्र प्रश्न.

शुद्धमती:
त्याला 'ठेव' म्हणावं. आणि इलस्ट्रेशनला? 'एरिकाइलकाने' नावाचा इटालियन चित्रकार दौतीच्या बारीक रेघांनी प्राणी काढतो, ते पुस्तकात शोभतात, आणि तेच पाच मजली भिंतीवर. बोधचित्र? कथाचित्र?

घाटमाथा:
आमच्या घरच्या जुन्या दिवाळी अंकांत चित्रकार दीनानाथ दलालांच्या नावाआधी नुसतं 'चित्रे' असायचं. तेवढं पुरत होतं.

माडाबनातली:
ओरखड्याचं म्हणाल तर आमच्याकडे कावी आहे की! गोव्यातल्या जुन्या देवळांत, खाली कारवारकडेही. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि ओला असतानाच लोखंडी टोकाने खरवडत पांढरं उघडं करायचं. इटालियन 'स्ग्राफितो'ची रीत हीच. म्हणजे 'कावी' म्हणा ग्राफिटीला, हवं तर.

शुद्धमती:
काव हा रंग झाला, क्रिया नव्हे. फवाऱ्याला कावी कसं म्हणणार?

घाटमाथा:
त्या चुन्यात गूळ घालतात ना? आजोबा म्हणायचे.

माडाबनातली:
हो, शिंपल्यांचा चुना, धुतलेली वाळू आणि गूळ. कालवून कुजवत ठेवायचं, मग कुटायचं.

घाटमाथा:
कुटायचं की घाणीत दळायचं? आमच्याकडे बैल जुंपून चुन्याची घाणी फिरायची.

माडाबनातली:
घाणी बांधकामाच्या चुन्याला. कावीचा हाताने कुटतात.

पारावरचा:
घाणी हा शब्द तेलाचा आधी की चुन्याचा? वेगळा धागा काढतो.

खडूफळा:
काढता म्हणजे उघडता की उडवता?