आधी प्रायर, कूपर नंतर

घरच्या कुत्र्याला शिकवायला कुठलं पुस्तक, या प्रश्नावर चर्चेत कुणीतरी कूपर-हेरॉन-ह्यूवर्ड यांचं 'अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस' सुचवलंय. पुस्तक उत्तमच आहे, १९८७ पासून वर्तनशास्त्राचं पाठ्यपुस्तक म्हणून चालतंय, पण पहिलं म्हणून नको. नवखा माणूस दहा पानांत दमेल.

कॅरन प्रायर यांचं १९८४ चं 'डोन्ट शूट द डॉग' आधी वाचा. बाई हवाईत डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनला ना पट्टा घालता येतो, ना रट्टा देता येतो. तो सरळ पोहत निघून जातो. म्हणून शिट्टी आणि मासा. उडी जमली त्या क्षणी शिट्टी, मासा मागाहून. हे 'त्या क्षणी' मला उशिरा उमगलं. आमची कुत्री पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारायची. चारही पाय जमिनीवर आले की मी खिशात बिस्किट चाचपायचो. ते हाती लागेपर्यंत ती पुन्हा उडालेली असायची आणि बक्षीस नेमकं उडीला मिळायचं. बिस्किट आधीच मुठीत ठेवायला लागलो, तेव्हा आठवड्याभरात फरक दिसला.

'एक फटका दिला की कुत्री सुधारतात' असंही त्याच चर्चेत कुणी म्हटलंय. त्यांनी वर्तनशास्त्रज्ञ मरे सिडमन यांचं 'कोअर्शन अँड इट्स फॉलआउट' (१९८९), म्हणजे जबरदस्ती आणि तिचे दुष्परिणाम, वाचावं, कळकळीची विनंती. ते मुख्यतः माणसांबद्दल आहे, पण मुद्दा इथेही तोच. धाकाने वागणं थांबतं, पण सोबत टाळणं, पळवाटा शोधणं, उलट अंगावर येणं हेही येतं. लहान मुलं असलेल्या घरात तर हे पुस्तक हवंच.